दर दोन सुतांवर एक भोक

दुबईतल्या पबमध्ये चाळीस वर्षं नेमानं जाऊन दारूचा एक थेंबही न प्यालेला दुसरा माणूस मला दाखवा, मी उद्या नोकरीचा राजीनामा देऊन गावी जातो. नाही सापडणार. पिणारे मी पुष्कळ पाहिले. 'आजपासून सोडली' अशी शपथ घेऊन त्या शपथेच्या आनंदात दोन पेग जास्त मारणारेही पाहिले. पण आमचे वसईचे अंकल त्या अंधाऱ्या इंग्रजी पबात आधी दर शुक्रवारी आणि सरकारनं सुट्टी बदलल्यावर दर शनिवारी, दुपारी तीनच्या ठोक्याला, अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून जायचे, लिंबू पिळलेलं जिंजर एल मागवायचे आणि ते एकच ग्लास चार तास पुरवायचे. "तीस दिरहम. म्हणजे सातशे रुपये. सातशे रुपयांचं सोडावॉटर पितोय, सातारकर. बापाला कळलं तर थडग्यातून उठून कानाखाली देईल," असं प्रत्येक शनिवारी म्हणायचे, आणि पुढच्या शनिवारी पुन्हा हजर.

सातारकर म्हणजे मी. माझं खरं आडनाव अंकलनी कधी विचारलं नाही. बुर दुबईत एका खोलीत आम्ही चौघं राहायचो, त्यात वरचा पलंग माझा नि खालचा त्यांचा. मी जबल अलीच्या एका वेअरहाऊसमध्ये कागद रंगवणारा कारकून, ते एका इंटिरिअर कंपनीच्या लाकूडकामाच्या कारखान्यातले सुतार, तोवर सुपरवायझर झालेले. सहा वर्षं मी त्यांच्या डोक्यावर झोपलो. पुढे लग्न झालं, वेगळं घर घेतलं, पोरगी झाली, पण शनिवार सुटला नाही. बायको म्हणायची, "तुझ्या अंकलच्या पबला मी मुळीच हरकत घेत नाही. नवरा पबमधून शुद्धीत घरी येतो, असं भाग्य कुणाचं!"

अंकल जगात काहीही मोजायचे ते सुतात. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे सुताराच्या पोराला सांगावं लागत नाही, पण माझ्यासारख्या गुऱ्हाळवाल्याच्या पोराला सांगावं लागलं. मी तापानं फणफणलो होतो तेव्हा माझ्या कपाळावर खरखरीत तळवा ठेवून म्हणाले, "कालच्यापेक्षा दोन सूत उतरलाय." चर्चमधून परत आले की फादरांचं प्रवचन कसं झालं ते सांगायचे: "चांगलं होतं, पण इंचभर लांबलं. तासून घ्यायला पाहिजे होतं." माझ्या बायकोला पहिल्यांदा भेटले आणि तिच्यासमोरच मला म्हणाले, "मुलगी तुझ्यापेक्षा चार सूत वर आहे. जपून राहा." माझ्या तापट डोक्याबद्दल तर त्यांचं मत ठरलेलं होतं. "सातारकर, तुझ्या डोक्यात आणि जिभेत अर्ध्या सुताचंसुद्धा अंतर नाही रे. आलं की पडलं बाहेर." मी हसायचो. माणूस आपल्याबद्दल खरं बोलला की आपण हसतोच.

कानावर सुताराची चपटी पेन्सिल कायम. चर्चमध्ये मिस्सेलासुद्धा. एकदा फादर म्हणाले, आज नाताळ आहे, आज तरी काढ. अंकल म्हणाले, "फादर, संत योसेफानं काय सणाला काढून ठेवली असेल?" फादरांनी हात जोडले. संत योसेफ पडला सुतार. आणि वाकडं म्हणून काही सहन व्हायचं नाही. व्हिसाच्या मेडिकलसाठी एकदा आम्ही दोघं रांगेत होतो. समोरच्या भिंतीवर हात धुण्याच्या सूचनांची फ्रेम एका बाजूला झुकलेली. तासभर त्यांनी दम काढला. आमच्या पुढे दोनच माणसं उरली तेव्हा हे रांग सोडून गेले, खुर्चीवर चढले, एक डोळा मिटून फ्रेम सरळ करायला लागले. आतून बाई "यल्ला, यल्ला, नेक्स्ट!" म्हणून ओरडतेय, हे आपले "एक मिनिट, सिस्टर." नंबर गेला. पुन्हा मागून तीन तास उभे राहिलो. मी चडफडत होतो. ते म्हणाले, "अरे, पण फ्रेम बघ की."

आणि कुठेही गेले तरी बसण्याआधी टेबलाच्या खालून हात फिरवायचे. टेबलाची खरी जात खालून कळते, असं त्यांचं म्हणणं. आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा पुरणपोळी ताटात निवतेय आणि पाहुणे अदृश्य. माझी पाच वर्षांची पोरगी डोकावून म्हणाली, "पपा, व्हाय इज अंकल अंडर द टेबल?" खालून उत्तर आलं, "बाळा, तुझ्या बाबांनी लाकडाच्या नावाखाली दाबलेला भुसा आणलाय." त्यानंतर महिन्याभरात त्यांनी कारखान्यात उरलेल्या फळ्यांचं एक टेबल करून आणून दिलं. त्यावर मी हे लिहितोय. त्याला खालून हात लावून बघा कधीतरी, गालासारखं लागतं.

तर तो पब. खाडीपासून दोन गल्ल्या आत एक जुनं हॉटेल, त्याच्या तळमजल्याला एक जाड, ठेंगणा दरवाजा. बाहेर ऑगस्टची दुबई, तव्यावर उभं असल्यासारखी. दरवाजा ढकलला की आत इंग्लंडातला डिसेंबर. काळपट तुळया डोक्याला लागतील इतक्या खाली आलेल्या. भिंतीवर घोड्यांच्या पितळी बिल्ल्यांच्या माळा, पेंढा भरलेला एक कोल्हा, आणि कोपऱ्यात चक्क शेकोटी, विजेच्या लाल दिव्याची. एसी अठरावर आणि लोक शेकोटीपाशी खुर्च्या ओढून बसलेत! मधोमध तो लांबलचक बार, मागे नक्षीच्या कमानी, खांब, कप्पे. सगळं तुकतुकीत आणि म्हातारं. मेन्यूकार्डावर पहिल्याच पानावर छापलेलं असायचं की हा बार इंग्लंडातल्या एका खेड्यात तीनशे वर्षं उभा होता, आणि तिथून सुटा करून, बोटीनं आणून, इथे पुन्हा जोडला. म्हातारे गोरे साहेब लोक यायचे, बारवर हात फिरवायचे, म्हणायचे, असं काम आता होत नाही. अंकल शेजारी बसलेले. "येस सर," म्हणायचे. "थ्री हंड्रेड इयर्स, सर." आणि त्यांचे कान लाल व्हायचे.

ते कान लाल का होतात, हे मला चार वर्षांनी कळलं. एका शुक्रवारी एका गोऱ्या बाईनं त्या बारच्या कडेला गालच टेकवला आणि डोळे मिटून उभी राहिली. अंकल उठून बाहेरच गेले. मी मागोमाग. खाडीवर अब्रा म्हणतात त्या होड्यांच्या धक्क्यापाशी कठड्याला टेकून उभे होते. म्हणाले, "सातारकर, तुला एक सांगतो, पण आईची शपथ घे." मी घेतली. म्हणाले, "तो बार मी केलाय."

वय वर्षं बावीस. नुकतेच वसईहून आलेले. हॉटेलच्या तेव्हाच्या साहेबाला जुना इंग्लिश पब हवा होता आणि खरा आणायला परवडत नव्हता. मग शारजाच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये सहा सुतार सात महिने बसले. ओकच्या कोऱ्या फळ्या आल्या. अंकल म्हणाले, "पहिल्या दिवशी साहेबानं हातात साखळी दिली. म्हणे, मार फळीला. मी म्हटलं, कशाला? म्हणे, जुनी दिसायला पाहिजे. अरे, बापानं मला लाकडाला ओरखडा पाडला म्हणून काठीनं मारलंय! रडत रडत मारलं मी त्या फळ्यांना." मग चहाचं काळं पाणी पाजलं, गंजके खिळे व्हिनेगरमध्ये भिजवून त्याचा रंग दिला. पण जोडताना मात्र त्यांनी साहेबाचं ऐकलं नाही. एक खिळा नाही, एक स्क्रू नाही. कुसू नि खाच, म्हणजे एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या खोबणीत, आणि वरून पाचर. तो मोठा बार मुख्यतः त्यांच्या एकट्याच्या हातचा, कारण बाकीच्यांना इतकं धीराचं काम जमेना. झाल्यावर साहेबानं सहा जणांना बोलावून खांद्यावर हात ठेवून सांगितलं, हे तीनशे वर्षं जुनं आहे. कुणी विचारलं तर हेच. सहा जणांनी मान डोलवली. त्यातले तीन वारले, दोन गावी गेले. साहेब स्वतः कधीच देश सोडून गेला. शब्द पाळत बसलेले हे एकटे.

"मग सांगा की आता! कुणाला पडलंय!" मी भडकून म्हणालो. अंकल म्हणाले, "शब्द दिला तो दिला." आणि थोड्या वेळानं म्हणाले, "आणि असं बघ, ह्या गावात मी शेकड्यानं दुकानं केली. सोन्याची, अत्तराची, घड्याळांची. चार वर्षं झाली की नवी फॅशन. आमच्याच कंपनीची माणसं येतात आणि आम्हीच केलेलं फोडून टाकतात. इतक्या वर्षांतलं माझं एक काम उभं नाही, सातारकर. वसईच्या घरात मी एक पाट केला नाही, सुट्टीच कुठे मिळायची तेवढी. एवढं एकच राहिलंय. म्हणून बघायला जातो." त्या दिवसापासून मीही जिंजर एल प्यायला लागलो. आईशप्पथ, अगदी पांचट पेय आहे.

गेल्या वर्षी दोन बातम्या एकाच महिन्यात आल्या. कंपनीनं वयाचं कारण सांगून अंकलचा व्हिसा पुढे वाढवायचा नाही असं ठरवलं. आणि हॉटेल पाडणार असं कळलं, त्या जागी टॉवर येणार. पहिल्या बातमीवर अंकल म्हणाले, "ठीक आहे, कधीतरी जायचंच होतं." दुसरी कळली त्या शनिवारी ग्लासातला बर्फ विरघळून गेला तरी त्यांनी घोट घेतला नाही.

मग एक आशा निघाली. हॉटेलचा मॅनेजर, दिल्लीकडचा तरुण पोरगा, स्वभावानं चांगला, त्यानं सांगितलं की अबुधाबीहून जुन्या वस्तूंचा एक व्यापारी येणार आहे. त्याच्याकडे एक गिऱ्हाईक आहे, आपल्या बंगल्यात अख्खा इंग्लिश बार उभा करायचाय त्याला. माल खरोखर तीनशे वर्षांचा निघाला तर जसाच्या तसा उचलून नेतील. नाही निघाला तर हॉटेलबरोबर पाडायचा, खलास. अंकल त्या आठवड्यात रोज चर्चला गेले. मला विचारलं, "दुसरा माणूस फसावा म्हणून प्रार्थना केली तर पाप किती लागतं रे?" मी म्हटलं, फादरांना विचारा. म्हणाले, "विचारलं. फादर म्हणाले, आधी सगळं नीट सांग. सगळं सांगायचं तर शब्द मोडतो. म्हणून तसाच परत आलो." आणि माझा दंड धरून म्हणाले, "माझं नाव नको, काही नको. ते उभं राहू दे बस. कुणाच्या का घरात असेना."

व्यापारी आला तो शनिवार दुपारचाच. साठीचा, लेबनॉनकडचा, गळ्यात भिंग अडकवलेला, बोलायला गोड. मी नि अंकल आमच्या नेहमीच्या स्टुलांवर, गिऱ्हाईक म्हणून. मॅनेजर त्याच्या मागे मागे. त्यानं तुळया बघितल्या, मान डोलावली. कमानी बघितल्या, "ब्युटिफुल" म्हणाला. कुसवांचे सांधे बोटानं चाचपले आणि आणखी दोनदा "ब्युटिफुल" म्हणाला. अंकलनी माझा हात इतका घट्ट धरला होता की माझी अंगठी रुतत होती. मला वाटलं, जमलं.

मग तो बारच्या कडेला वाकला. तिथे आणि खांबांवर लाकूड किड्यांनी खाल्ल्याची बारीक भोकं होती. तीही अंकलनीच पाडलेली, साहेबाच्या हुकुमावरून, गिरमिटानं. व्यापाऱ्यानं भिंग लावलं. एका भोकावरून पुढच्यावर नेलं. मग खिशातून टेप काढून धरली, आणि हसायला लागला. हसता हसता त्यानं मॅनेजरला बोलावलं. "हे बघ," म्हणाला, "एक, दोन, तीन. सगळी एका ओळीत. सगळी सारख्या अंतरावर. ह्या पबातले किडे शाळेत गेलेले दिसतात!" बारवाला मल्याळीसुद्धा हसला. मी अंकलकडे बघितलं. ते टेपकडे बघत होते. हलकेच मला म्हणाले, "दर दोन सुतांवर एक. वाकडंतिकडं पाडायला हातच होईना रे."

तरी तो व्यापारी अजून ठरवत होता. सांधे त्याला आवडले होते. पुन्हा कमानींकडे गेला, हनुवटी खाजवली, म्हणाला, भोकं कदाचित नंतर कुणी पाडली असतील, बाकीचं जुनं असेलही. इथे मी गप्प बसायला पाहिजे होतं. देवा, इथे मी नुसतं ग्लास तोंडाला लावून बसायला पाहिजे होतं. पण तो पुढे म्हणाला, "ज्यानं ही भोकं पाडली तो मात्र शुद्ध गाढव असणार." आणि माझं टाळकं सटकलं. उचलली जीभ लावली टाळ्याला. मी स्टुलावरून उतरून त्याच्या अंगावर जाऊन ओरडलो, "गाढव कुणाला म्हणतोस? ही भोकं नाही, हा अख्खा बार ह्या माणसानं केलाय! ह्या हातांनी! शारजात! चाळीस वर्षांपूर्वी! आहे तुझ्या अबुधाबीत असा कारागीर?"

शब्द बाहेर पडले आणि मला कळलं मी काय केलं ते. अंकल म्हणाले, "सातारकर, बस रे खाली." रागावून नाही. दमल्यासारखे.

व्यापारी मात्र माणूस चांगला निघाला. तो अंकलपाशी आला, त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला, म्हणाला, "हबीबी, माझ्या तीस वर्षांच्या धंद्यात असं हाताचं काम मी पाहिलं नाही. माफ कर." आणि हातातल्या यादीत बारच्या नावावर आडवी रेघ मारून निघून गेला. त्याच्या गिऱ्हाइकाला जुनं पाहिजे होतं, चांगलं नको होतं.

मॅनेजर थोडा वेळ डोकं धरून उभा राहिला. मग त्याचा चेहरा एकदम उजळला. "अंकल, ये आपने बनाया है? सच्ची? अरे फिर तो आप ही बता दो ना, तोड़ना कहाँ से आसान पड़ेगा?" त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. त्याला पुढच्या आठवड्यात जागा रिकामी करून द्यायची होती. मी पुन्हा उठणार होतो, अंकलनी मला खांद्याला धरून खाली दाबलं. "बता दूँगा," म्हणाले. "हथोड़ा मत लाना."

मंगळवारी अंकल आले. पाडकामाला मुहैस्नाहच्या कँपातून आणलेले आठ कामगार घण घेऊन तयार होते. अंकलनी घण बाजूला ठेवायला लावले, कानावरची पेन्सिल काढून लाकडावर एकेका पाचरीपाशी खूण केली आणि लाकडी हातोडीनं टक, टक, पहिली पाचर उडवली. चाळीस वर्षांनी सांधा असा सुटला, जसा कालच बसवला होता. कामगारांतला एक बिहारी म्हणाला, "वाह चाचा!" मग ते सगळे घण विसरून त्यांच्या भोवती जमले. फळीमागून फळी, कमान, खांब. अंकल प्रत्येकाला सांगत होते, इथून धर, हळू, कोपरा सांभाळ. अरे कशाला सांभाळायचा! बाहेर भंगारवाल्याचा पिकअप उभा होता. पण एक कोपरा कुठे आपटू दिला नाही त्यांनी. दुपारच्या चहाआधी जागा रिकामी झाली. मॅनेजर आला नि म्हणाला, "खलास? इतनी जल्दी?" अंकल म्हणाले, "खलास." मग झाडू मागून घेऊन त्यांनी ती जागा झाडली, कोपऱ्याकोपऱ्यातून. मी दाराशी उभा राहून बघत होतो. मदतीला पुढे व्हायचं तोंड मला नव्हतं.

मी म्हटलं, अंकल, एक तुकडा तरी घ्या, वसईला न्या. म्हणाले, "सुटं लाकूड घेऊन काय करू? लाकूड काय, वखारीत पण असतं."

पुढच्या आठवड्यात मीच त्यांना विमानतळावर सोडायला गेलो. चाळीस वर्षांचं सामान एका बॅगेत नि एका खोक्यात. रस्ताभर मी बोलायची तयारी करत होतो. एरवी जिभेला हाड नसलेला मी, पण 'माझं चुकलं' हे दोन शब्द माझ्या तोंडातून निघेनात. ट्रॉली ढकलत दरवाजापर्यंत गेलो तेव्हा कुठे निघाले. "अंकल, मी बोललो नसतो तर त्यानं घेतला असता हो. माझ्यामुळे गेला."

अंकल थांबले. मला वाटलं आता म्हणतील, नाही रे, तुझा काय दोष. तसं ते म्हणाले नाहीत. आयुष्यात ते एकच खोटं बोलत आले होते, तेही शब्दाखातर. ते म्हणाले, "सातारकर, चाळीस वर्षं मी तिथे बसलो. चाळीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी सगळ्यांसमोर ओरडून सांगितलं, हे ह्यानं केलंय म्हणून. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं रे."

मी त्यांच्या पाया पडायला वाकलो. त्यांनी अर्ध्यातच धरून उभं केलं आणि ट्रॉली घेऊन आत निघाले. दहा पावलं गेले असतील. तिथून वळून, लोकांच्या गर्दीत, मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "पण ते राहिलं असतं ना, तर जास्त बरं वाटलं असतं."

आणि हसून हात हलवला. मीही हलवला. ते दिसेनासे झाल्यावरसुद्धा मी बराच वेळ तो हात तसाच वर धरून उभा होतो.